चायना माल आणि एकरी अकराशे क्विंटल धान



'चायनाचा माल, चले तो चांद तक, नहीं तो शाम तक.' गोंदियाच्या बाजारात हे वाक्य बऱ्याचदा दुकानदारच ऐकवतो, हसतो आणि तीच वस्तू पिशवीत भरून देतो. आपणही हसतो आणि घेतो. आमचं कुडवा गोंदिया शहराला लागूनच, त्यामुळे बाजाराची भाषा शाळेत पोचायला वेळ लागत नाही. 'चायना' हे आता आपल्याकडे देशाचं नाव राहिलेलं नाही, विशेषण झालं आहे. लवकर बिघडणारं ते चायना, नकली ते चायना, स्वस्त ते चायना. मधल्या सुट्टीत कोणाचा पेन चालेनासा झाला की 'चायनाचा आहे काय बे?' असं पोरं विचारतात. संक्रांतीच्या दिवसांत पाखरांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापणाऱ्या नायलॉनच्या दोऱ्याला आपण 'चायना मांजा' म्हणतो. आता तो दोरा बराचसा आपल्याच देशात तयार होतो ही गोष्ट वेगळी. वाईट आहे ना, मग चायनाचा!

माझं म्हणणं असं आहे की हा शब्द आपण, म्हणजे शिक्षकांनी आणि आईवडिलांनी, मुलांच्या तोंडून सोडवायला हवा. चीनवरच्या प्रेमापोटी नव्हे. 15 जून 2020 च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले 20 जवान शहीद झाले, ते मुलांना सांगायलाच हवं, आणि 1962 सुद्धा सांगायला हवं. पण ज्याच्याशी सामना आहे तो कच्चा आहे असं समजून मैदानात उतरणाऱ्या पोराला आपण कबड्डीतसुद्धा रागावतो. मग एवढ्या मोठ्या शेजाऱ्याच्या बाबतीत पोरांना तेच का शिकवायचं?

त्या म्हणीतला 'चांद तक' हा भाग तर खराच झाला. जून 2024 मध्ये चीनचं छांग-अ 6 हे यान चंद्राच्या पलीकडच्या, पृथ्वीवरून कधीच न दिसणाऱ्या बाजूची 1935 ग्रॅम माती घेऊन परत आलं. ती बाजूची माती आजवर दुसऱ्या कोणत्याही देशाने आणलेली नाही. आपलं चांद्रयान 3 ऑगस्ट 2023 मध्ये दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं तेव्हा आपण शाळेत टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच पाहिजे होत्या. पण तीच पोरं चीनच्या यानाबद्दल ऐकतात तेव्हा 'चायनाचं आहे, पडलं असेल' म्हणतात. ही त्यांची चूक नाही. हे आपणच त्यांना दिलं आहे.

याची उलटी बाजूही आहे. व्हॉट्सॲपवर रोज एक व्हिडिओ येतो. दहा दिवसांत दवाखाना बांधला, डोंगरातून पूल नेला, यंत्रमानव नाचला. पालक सभेत एखादे वडील तो व्हिडिओ दाखवतात आणि 'बघा सर, तिकडची पोरं कशी अभ्यास करतात, आणि हा आमचा' म्हणत पोराच्या डोक्यात टपली मारतात. म्हणजे चीन एकतर टाकाऊ, नाहीतर जादूचा. दोन्हींत चीन नाहीच.

मग चीन शिकवायचा कुठून? मी धानापासून सुरू करतो. आपल्या जिल्ह्यातल्या पोराला चीनची भिंत लांबची वाटते, पण बांधी, पऱ्हे, रोवणी, कनकी, कोंडा हे सगळं त्याच्या घरचं आहे. आणि चीनचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास, त्याचं राजकारण, त्याचं विज्ञान, अगदी अमेरिकेशी चाललेली त्याची चढाओढसुद्धा, धानाच्या लोंबीला धरून सांगता येते.

सुरुवात 1958 ची. माओ त्से तुंग यांनी 'मोठी झेप' जाहीर केली होती. शेती सामुदायिक झाली, घरची चूल बंद होऊन गावाचा भटारखाना सुरू झाला, आणि कोणती कम्यून जास्त पिकवते याची शर्यत लागली. त्याच्या आदल्या वर्षी रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला होता, म्हणून विक्रमी पिकाचा दावा करण्याला चिनी भाषेत 'उपग्रह सोडणे' म्हणू लागले. आजही तिकडे थाप मारण्याला तोच वाक्प्रचार वापरतात. ऑगस्ट 1958 मध्ये तिथल्या सरकारी वृत्तपत्राने हुबेई प्रांतातल्या माचेंगची बातमी छापली. तिथे धान एका मूला 36,900 जिन झालं म्हणे. सोबत फोटोही होता. धान इतकं दाट की लोंब्यांवर पोरं उभी आहेत आणि खाली पडत नाहीत.

जिन म्हणजे अर्धा किलो आणि साधारण सहा मू म्हणजे एक एकर. हिशेब केला तर एकरी अकराशे क्विंटल येतात. अकराशे! आपल्याकडे एकरी वीस क्विंटल झालं तर माणूस खूश असतो. हा आकडा मी फळ्यावर लिहिला की सातवीतलं पोरगंही हसतं, 'सर, एवढं तर ट्रकमध्ये पण मावणार नाही.' खरी गोष्ट अशी होती की अनेक बांधींतलं पिकलेलं धान उपटून एकाच बांधीत दाटीने रोवलं होतं, आणि फोटोतल्या पोरांच्या पायाखाली बाक लपवलेला होता.

मुलं हसतात तिथे थांबू नका. खरा धडा पुढे आहे. माचेंगच्या त्या बांधीजवळ उभा असलेला प्रत्येक शेतकरी हे खोटं ओळखत होता. तालुक्याचा अधिकारीही शेतकऱ्याचाच पोरगा होता, तोही ओळखत होता. पण शेजारच्या तालुक्याने जास्त आकडा दिला होता, आणि कमी आकडा देणाऱ्यावर 'प्रगतीचा शत्रू' असा शिक्का बसत होता. आकडा गावातून तालुक्याला, तालुक्यातून प्रांताला, प्रांतातून बीजिंगला गेला आणि प्रत्येक पायरीवर फुगला. मग सरकारने त्या फुगलेल्या आकड्यावर आपला वाटा मागितला. जे पिकलंच नव्हतं त्याचा वाटा द्यायचा म्हणजे घरात खायला ठेवलेलं आणि बियाण्याचं धान्य द्यायचं. ते गेलं. 1959 ते 1961 या काळात चीनमध्ये जो दुष्काळ पडला त्यात किती माणसं मेली याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. त्या काळातही देशातून धान्य बाहेर पाठवणं सुरूच होतं, कारण कागदावर धान्य भरपूर होतं. संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी जुलै 1959 मध्ये माओंना पत्र लिहून हे काही बरं चाललेलं नाही असं कळवलं. त्यांचं पद गेलं. मग बाकीच्यांनी तोंड उघडलं नाही.

आता मी थोडं आपल्याबद्दल बोलतो, राग मानू नका. आपल्याही हातात रकाने असतात. किती मुलांना वाचता येतं, किती मुलांना भागाकार येतो. शेजारच्या शाळेने शंभर टक्के लिहिलं की आपला हात सत्तर लिहायला कचरतो. मुलगा चौथीत आहे आणि जोडाक्षर अडतं, हे त्याच्या आईला माहीत असतं, आपल्याला माहीत असतं, अन् सगळ्यात जास्त त्या मुलाला माहीत असतं. तरी रकान्यात टिकमार्क पडतो. आपल्याकडे दुष्काळ पडत नाही, एवढाच फरक. पडतो म्हणा, पण तो दिसायला दहा वर्षं लागतात.

अमर्त्य सेन यांचं एक म्हणणं इथे फार उपयोगी पडतं. ज्या देशात निवडणुका होतात आणि वृत्तपत्रं मोकळी असतात तिथे मोठा दुष्काळ होऊ दिला जात नाही, कारण बोंब उठते. भारताला स्वातंत्र्यानंतर चीनसारखा दुष्काळ पाहावा लागला नाही तो यामुळे. पण तेच सेन हेही सांगतात की प्राथमिक शिक्षण आणि साधं आरोग्य यांत चीनने भारताला मागे टाकलं, आणि आपली रोजची, आवाज न करणारी उपासमार आपण तशीच राहू दिली. पहिली गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, दुसरी मात्र गाळतो.

धानाकडे परत येऊ. हुनान प्रांतातल्या आनजियांग इथल्या कृषी शाळेत युआन लाँगपिंग नावाचे एक मास्तर होते. हो, मास्तरच. 1953 पासून ते तिथे शिकवत होते. दुष्काळ त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. धानाचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे त्याचा संकर करणं परवडत नाही असं तेव्हा जगभर मानलं जायचं. ज्याचे पराग निकामी आहेत असं रोप मिळालं तरच ते जमणार होतं. ते शोधत युआन आणि त्यांचे विद्यार्थी बांध्या पालथ्या घालत होते. मधेच 1966 ला सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. त्यांच्या रोपांच्या कुंड्या फोडल्या गेल्या. विद्यार्थ्यांनी काही कुंड्या लपवून ठेवल्या म्हणून काम वाचलं. 1970 मध्ये हैनान बेटावर त्यांच्या सहकाऱ्यांना पाणथळ जागेत एक रानधान सापडलं, त्याचे पराग निकामी होते. 1973 पर्यंत संकरित धानाची पद्धत बसली. आज आपल्या कृषी केंद्रात हायब्रिड धानाच्या ज्या पिशव्या दिसतात, तशा जगातल्या बऱ्याचशा संकरित वाणांच्या वंशावळीत मागे मागे गेलं तर ते हैनानचं रानरोप भेटतं. चायना माल!

विशेष म्हणजे 1980 च्या सुमारास चीनने हे तंत्र अमेरिकेतल्या एका कंपनीला रीतसर करार करून दिलं. चीन अमेरिकेची नक्कल करतो एवढंच आपल्याला माहीत असतं. शेतीतलं तंत्र चीनकडून अमेरिकेने घेतलं, हे वर्गात सांगितलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

सांस्कृतिक क्रांतीबद्दल आपण शिक्षकांनी तरी वाचायला हवं. 1966 ते 1976 या दहा वर्षांत तिकडे शिक्षक हाच शत्रू ठरला. 5 ऑगस्ट 1966 रोजी बीजिंगमधल्या एका मुलींच्या शाळेच्या उपमुख्याध्यापिका ब्यान चोंगयुन यांना त्यांच्याच विद्यार्थिनींनी मारहाण करून ठार मारलं. विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा बंद झाल्या, शिकलेली पोरं खेड्यात मजुरीला गेली. 1977 च्या डिसेंबरात गाओकाओ ही प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे 57 लाख जणांनी ती दिली. कोणी तीस वर्षांचे, कोणी लेकराचे बाप. प्रवेश मिळाला फक्त पावणेतीन लाखांना. पुढच्या वर्षी आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग गावात 18 कुटुंबांनी रात्री जमून एका कागदावर अंगठे उठवले की जमीन आपापसात वाटून कसायची. पकडलं गेलं तर जो तुरुंगात जाईल त्याची पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, असंही त्यात लिहिलं. तो कागद म्हणजे गुन्हा होता. पण पीक कित्येक पटींनी वाढलं आणि डेंग शिआओपिंग यांच्या सरकारने तोच मार्ग देशभर खुला केला. त्याच डिसेंबर 1978 मध्ये 52 चिनी अभ्यासकांची पहिली तुकडी शिकायला अमेरिकेला गेली.

शिकायला गेली, हे महत्त्वाचं. आणि त्यांना शिकवलं कोणी? जिच्याशी आज चढाओढ आहे तिनेच. याची एक जुनी गोष्ट फार बोलकी आहे. च्यान श्वेसेन नावाचे शास्त्रज्ञ अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये रॉकेटवर काम करायचे. 1950 मध्ये ते कम्युनिस्ट असल्याचा संशय घेऊन त्यांची परवानगी काढली, पाच वर्षं त्यांना जवळजवळ नजरकैदेत ठेवलं आणि 1955 मध्ये चीनला पाठवून दिलं. त्यांनीच पुढे चीनचा क्षेपणास्त्र आणि अवकाश कार्यक्रम उभा केला. संशयाने हुशार माणूस घालवायचा, ही चूक अमेरिकेने केली तशी सांस्कृतिक क्रांतीत चीननेही केली.

आता राईस मिलमध्ये चला. गोंदियाला लोक 'राईस सिटी' म्हणतात, तुमच्या वर्गातल्या कोणाचे तरी बाबा मिलमध्ये असणारच. तिथे तांदळातून काळा, पिवळा, डागी दाणा वेगळा करणारं यंत्र असतं. आपण त्याला 'सॉर्टेक्स' म्हणतो. ते मूळ लंडनच्या कंपनीचं नाव, जसं आपण कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. तांदूळ वरून घसरतो, कॅमेरा एकेक दाणा बघतो, आत बसवलेली चिप ठरवते हा ठेवायचा की काढायचा, आणि हवेचा एक फटका नेमका तेवढ्याच दाण्याला उडवतो. हे सगळं पापणी लवायच्या आत. एके काळी हे यंत्र इंग्लंडचं नाहीतर जपानचं असायचं. आता आपल्या देशातल्या मिलमध्ये चिनी यंत्रंही भरपूर आली आहेत, आणि ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या हेफेई शहरात आहेत.

हेफेई कुठे आहे? आन्हुई प्रांतात. ज्या श्याओगांगच्या शेतकऱ्यांनी अंगठे उठवले, त्याच प्रांताची राजधानी. 1970 मध्ये बीजिंगहून एक मोठं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ तिकडे हलवलं गेलं. गरीब, शेतीचा प्रांत. चाळीस-पन्नास वर्षांत तिथे धान निवडणारी यंत्रं, टीव्हीचे पडदे, मेमरी चिप आणि माणसाचं बोलणं ओळखणारं सॉफ्टवेअर तयार होऊ लागलं. आपल्याकडेही धान आहे, मिल आहे, आयटीआय आहे. पण यंत्राचं कार्ड जळालं तर आपण बाहेरगावचा इंजिनीअर येण्याची वाट बघत बसतो. पोरांना मी हाच प्रश्न विचारतो की हे कार्ड गोंदियात कोणाला का दुरुस्त करता येत नाही? 'चायनाचं आहे म्हणून बिघडलं' हे उत्तर सोपं आहे, त्यात आपल्याला काही करावं लागत नाही.

त्याच हेफेईत अमेरिकेचं आणि चीनचं भांडणही दिसतं. बोलणं ओळखणारी आयफ्लायटेक ही तिथली कंपनी. ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकेने तिला काळ्या यादीत टाकलं. कारण दिलं ते शिनजियांगमधल्या उइघुर मुसलमानांवर पाळत ठेवण्यात तिचं तंत्र वापरलं जातं हे. तांदळातला डागी दाणा हेरणारा कॅमेरा आणि चिप एकत्र आली की गर्दीतला चेहराही हेरता येतो. चीनमध्ये तो हेरला जातो. सरकारला नको असलेलं वाक्य तिकडे मोबाईलवरून नाहीसं होतं, 1989 च्या तियानानमेन चौकातल्या गोळीबाराबद्दल तिथली मुलं शाळेत ऐकत नाहीत. यंत्राचं कौतुक करताना ही बाजू लपवली तर आपणही एक उपग्रह सोडला म्हणायचं.

अमेरिकाही काही फक्त माणुसकीपोटी लढत नाही. मे 2019 मध्ये हुवावेवर बंधनं आली, 7 ऑक्टोबर 2022 रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेला लागणाऱ्या वेगवान चिप आणि त्या बनवण्याची यंत्रं चीनला देण्यावर मोठी बंदी आली. मुलांना समजेल असं सांगायचं तर चिपचा आराखडा बहुतेक अमेरिकेत, ती घडते तैवानमध्ये, घडवायचं सगळ्यात बारीक काम करणारं यंत्र मिळतं नेदरलँड्समध्ये. या साखळीची कडी अमेरिकेने आवळली. चीन थांबेल असं वाटलं. ऑगस्ट 2023 मध्ये हुवावेने चीनमध्येच बनलेल्या चिपचा नवा फोन काढला. जानेवारी 2025 मध्ये डीपसीक हे कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल आलं, आणि 27 जानेवारीच्या एका दिवसात एनव्हिडिया या अमेरिकन चिप कंपनीची बाजारातली किंमत सुमारे 600 अब्ज डॉलरनी घसरली. डीपसीकचे संस्थापक अमेरिकेत शिकलेले नाहीत, चीनमधल्याच झेजियांग विद्यापीठातले. म्हणजे 1978 मध्ये शिकायला बाहेर गेलेल्यांनी घरी येऊन शिकवणारे तयार केले. मला यातला चिपचा भाग कमी आणि हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

दोघांच्या या झटापटीत आपलं काय होतं, तेही धानाच्या बांधीत दिसतं. चीन हा फॉस्फेट खतांचा मोठा निर्यातदार. 2021 पासून त्याने खतांच्या निर्यातीवर तपासणीची आणि परवान्याची बंधनं आणली, पुढे कधी सैल, कधी घट्ट केली. रोवणीच्या दिवसांत डीएपीच्या पोत्यासाठी रांग लागते तेव्हा तिच्यामागे अनेक कारणं असतात, त्यातलं एक तिकडे असतं. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर परवाना लावला, तो अमेरिकेच्या आयातकराला उत्तर म्हणून, आणि घाम फुटला आपल्याकडच्या वाहन कारखान्यांनाही.

आणि बहिष्कार? 29 जून 2020 ला आपण 59 चिनी ॲप बंद केली, त्यात टिकटॉक होतं. सप्टेंबरात आणखी 118 बंद झाली, त्यात पबजी गेलं. (पबजी मुळात दक्षिण कोरियाचा खेळ, मोबाईलवर आणण्यात चिनी कंपनी होती. हे सांगितलं तेव्हा माझ्या वर्गातल्या दोघांना पटलंच नाही.) सुरक्षेसाठी ते निर्णय घेतले असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 2019-20 मध्ये चीनमधून आपली आयात सुमारे 65 अब्ज डॉलरची होती, 2024-25 मध्ये ती 113 अब्ज डॉलरच्या वर गेली. आपण झालर फेकली आणि मोबाईलचे सुटे भाग, औषधांचा कच्चा माल, सोलर पॅनेल मागवत राहिलो. घोषणेला आयात कमी करता येत नाही. ती वस्तू इथे बनवता येणारा माणूस लागतो, आणि तो माणूस आत्ता तुमच्या-माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसला आहे, कदाचित जोडाक्षराला अडलेला.

पालक मला विचारतात, मग चीनसारखी शिस्त आणावी का? ऑगस्ट 2021 मध्ये तिकडे अठरा वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन गेम शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी फक्त रात्री आठ ते नऊ असा नियम झाला. ऐकून अनेक आया म्हणतात, 'इकडे पण करा ना!' जुलै 2021 मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्या एका फटक्यात बंद केल्या. उद्देश चांगला होता, मुलांवरचं ओझं कमी करायचं. पण गाओकाओला 2024 मध्ये 1 कोटी 34 लाख मुलं बसली, आणि जोवर दोन-चार दिवसांच्या परीक्षेवर जन्माचं ठरतं तोवर शिकवणी कशी थांबेल? ती दाराआड गेली आणि महाग झाली. हजारो तरुण शिक्षक बेकार झाले ते वेगळंच. वरून आलेल्या हुकमाने पोराच्या हातातला मोबाईल काही काळ सुटतो. घरातल्या माणसाने सोबत बसून सोडवला तर जास्त टिकतो. आणि तुलना करून पोराला टपली मारणाऱ्यांना मी सांगतो की तिकडच्या पोरांचे आईबापही तिसऱ्याच कोणाचा तरी व्हिडिओ दाखवून त्यांना असंच बोलत असतील.

राहिली माणसं. 'चायना' म्हणताना आपण कोणाला दुखवतो हेही बघा. मणिपूर, नागालँड, अरुणाचलची आपलीच मुलं शिकायला नागपूर-पुण्याला येतात आणि त्यांना रस्त्यात 'चायनीज' म्हणून हाका मारतात. कोरोनाच्या काळात तर त्यांना काय काय ऐकावं लागलं. एकीकडे अरुणाचल आमचं म्हणायचं आणि तिथल्या पोराला चायनाचा म्हणायचं, हे कोणत्या देशभक्तीत बसतं?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 ला बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांची गोष्ट आपण सांगतो, व्ही. शांताराम यांचा सिनेमाही आहे. त्याच्या उलट गोष्ट मात्र आपल्या अगदी जवळची असून आपण सांगत नाही. तुमसरहून रेल्वे जाते त्या तिरोडीची. आपला तिरोडा नव्हे, बालाघाट जिल्ह्यातली तिरोडी. 1963 च्या जानेवारीत वाट चुकून भारताच्या हद्दीत आलेला एक चिनी सैनिक काही वर्षं तुरुंगात राहिला आणि 1969 मध्ये सुटल्यावर त्याला तिथे आणून सोडलं. त्याने पिठाच्या गिरणीत काम केलं, गावातल्याच मुलीशी लग्न केलं, पोरंबाळं झाली. कागद नव्हते म्हणून परत जाता येईना. आई तिकडे वाट बघून वारली. शेवटी 2017 मध्ये, पन्नासहून जास्त वर्षांनी, तो आपलं गाव बघून आला. तिरोडीच्या लोकांनी त्याला हिंदी नाव दिलं होतं आणि आपल्यात घेतलं होतं. युद्धाच्या आठवणी ताज्या असताना, बरं का.

ज्यांना हे वर्गात करून बघायचं असेल त्यांच्यासाठी, सहावी-सातवीचं गणित म्हणून मी ते असं देतो. एक जिन म्हणजे 500 ग्रॅम. सहा मू म्हणजे एक एकर. एका मूला 36,900 जिन धान, तर एकराला किती क्विंटल? इतिहास आधी सांगू नका, चीनचं नावही घेऊ नका. उत्तर वहीत लिहून घ्या आणि तो आकडा घरी बाबांना किंवा आजोबांना वाचून दाखवायला सांगा. ते काय म्हणाले ते दुसऱ्या दिवशी एकेकाला उभं करून विचारा.